‘आपण व्हिसावरची माणसं, आपल्याला काय करायचंय?’

प्रिय ताई,
आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. नवरा आयटीत, एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या एच-फोरवर. पाच वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी सतराव्या आठवड्यात माझं पाणी गेलं. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनी त्याच रात्री सांगितलं. पण ठोके चालू होते, म्हणून ‘आत्ता काही करता येत नाही’ म्हणत घरी पाठवलं. ताप १००.४च्या वर गेला तर या, म्हणाले. मी रात्रभर थर्मामीटर उशाशी घेऊन बसायचे आणि ताप यावा म्हणून वाट बघायचे! शेवटी थंडी वाजून आली आणि थेट आयसीयू.
परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला एकीने ‘दुसरं कधी?’ विचारलं, तर मी बाथरूममध्ये जाऊन बसले. सासूबाई म्हणतात, कुणाला सांगू नकोस. नवरा म्हणतो, आपण व्हिसावरची माणसं, मत नाही, भानगडीत पडायचं नाही. आम्हाला दुसरं मूल हवंय. राज्य सोडावं का? आणि सगळं उलट्या दिशेने चाललेलं असताना आशा कशाच्या जोरावर ठेवायची?
– एक आई, फ्रिस्को

प्रिय मुली,
पाणी गेलं यात कुणाचाच दोष नाही. तुझा तर नाहीच. पण त्यानंतर तुला तापाची वाट बघायला लावली, ती निसर्गाने नव्हे, कायद्याने. १९७३ पासून अमेरिकेतल्या बायकांना असलेला गर्भपाताचा हक्क सुप्रीम कोर्टाने २४ जून २०२२ला काढून घेतला. टेक्ससने तेवढीही कळ काढली नव्हती. सहा आठवड्यांची मर्यादा तिथे सप्टेंबर २०२१लाच आली आणि ऑगस्ट २०२२ पासून जवळपास पूर्ण बंदी. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलर दंड. तुझ्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला तुझी नाडी दिसत होती आणि कोठडीही दिसत होती. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. तुझं काही चुकलं का, हा विचार तू थांबवावास म्हणून सांगते.

आता पुढचं. गरोदर राहायच्या आधी डॉक्टरकडे जा, आणि जोखमीची गर्भारपणं बघणाऱ्या तज्ज्ञाकडेच जा. एकदा असं झालेल्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाची लांबी पुढच्या खेपेला सोनोग्राफीत मोजत राहतात, गरज असेल तर टाका घालतात. ते सगळं विचारून झालं की सरळ विचार: ‘पुन्हा सतराव्या आठवड्यात पाणी गेलं, तर तुम्ही नेमकं काय कराल? तुमच्या हॉस्पिटलचा नियम काय?’ २०२५मध्ये टेक्ससने कायद्यात दुरुस्ती केली आहे. बाईच्या जिवावरचं संकट अगदी दारात येऊन उभं राहीपर्यंत डॉक्टरने थांबायला नको, असं आता त्यात लिहिलंय. कागदावर लिहिलेलं रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर पाळेल का, हे मात्र आधीच विचारून ठेवायला हवं. उत्तर देताना तो चाचरला तर दुसरा डॉक्टर शोध. यात भीडभाड नको.

राज्य सोडावं का? नवऱ्याची नोकरी, ग्रीन कार्डची रांग, मुलीची शाळा हे सगळं तुमचं तुम्हालाच मांडायला हवं. मला विचारशील तर डॉक्टरचं उत्तर ऐकल्याशिवाय घर विकायला काढू नका. पण वेळ आली तर गर्भपाताला मुभा असलेल्या कुठल्या राज्यात जायचं, हे आत्ताच ठरवा. कॅन्ससमधलं विचिटा तुमच्यापासून गाडीने साडेपाच-सहा तासांवर आहे, न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की दहा तासांवर. टेक्ससचा कायदा बाईला स्वतःला गुन्हेगार ठरवत नाही. बडगा आहे तो डॉक्टरवर आणि मदत करणाऱ्यावर. म्हणून बरोबर येणाऱ्याने आधी वकिलाशी बोललेलं बरं. ‘रेप्रो लीगल हेल्पलाइन’ असा सल्ला गुप्तपणे आणि फुकट देते. व्हिसाचं म्हणशील तर तुमच्या इमिग्रेशन वकिलालाच विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको.

(भारतात बरं होतं, असं तुला वाटत असणार. १९७१च्या आपल्या गर्भपाताच्या कायद्याने पुष्कळ बायका वाचवल्या हे खरं. २०२२मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा दिली. पण इथेही शेवटचा शब्द डॉक्टरचाच असतो, आणि मुदत उलटलेल्या किती बायका हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवतात ते वर्तमानपत्रात वाचतेसच.)

आता आशेचं. त्यासाठी तुला बेळगावच्या मुलीची गोष्ट सांगते.

सविता हलप्पनवार. दंतवैद्य, वय ३१, आयर्लंडमधल्या गॉलवेत संसार. नाचाची हौस, तिथल्या भारतीय मुलांचे नाच बसवायची. ऑक्टोबर २०१२मध्ये सतराव्या आठवड्यात ती हॉस्पिटलात गेली. बाळ राहणार नव्हतं, ठोके चालू होते. मोकळं करा, म्हणून ती विनवत राहिली. हा कॅथलिक देश आहे, असं तिला सांगण्यात आलं. २८ ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. तुझ्या पत्रातला आठवडा वाचला आणि मला तीच आठवली.

ती माणसंही परदेशातली होती, ‘भानगडीत कशाला पडा’ असं त्यांनाही म्हणता आलं असतं. पण नवरा प्रवीण बोलला. गॉलवेतल्या मित्रमंडळींनी तिथल्या चळवळीतल्या बायकांना गाठलं. बातमी छापून आली आणि काही दिवसांत हजारो लोक डब्लिनच्या रस्त्यावर उतरले. तरी कायदा लगेच बदलला नाही. आईचा आणि गर्भाचा जीव सारखाच मोलाचा, हे कलम १९८३ पासून घटनेत होतं. ते निघायला २५ मे २०१८चं सार्वमत उजाडलं. मधल्या वर्षांत तिथल्या बायकांनी एक गोष्ट सातत्याने केली. तोवर गुपचूप इंग्लंडची बोट किंवा विमान पकडून परत येणाऱ्या, आईलाही न सांगणाऱ्या बायका बोलायला लागल्या. बहिणीजवळ, शेजारणीजवळ, मग चारचौघांत. मतदानाआधी बेळगावहून सविताच्या वडिलांनीही आयरिश लोकांना साद घातली. परदेशी गेलेली तरुण पोरं मत द्यायला विमानं भरून घरी आली. कलम काढायच्या बाजूने ६६.४ टक्के मतं पडली. डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं चित्र रंगवलं होतं. तिथे लोक चिठ्ठ्या चिकटवून तिची माफी मागत होते.

आयर्लंड लांब वाटत असेल तर विचिटाच घे. १९६४ नंतर कॅन्ससने राष्ट्राध्यक्षपदाला एकदाही डेमोक्रॅट उमेदवार निवडलेला नाही. तिथे ऑगस्ट २०२२मध्ये हा हक्क राज्यघटनेतून काढायचा ठराव मतदानाला आला आणि जवळपास ५९ टक्के लोकांनी तो पाडला. घरोघरी जाऊन बायका बायकांशी बोलल्या म्हणून. सगळीकडे असं होत नाही, हेही सांगते. फ्लोरिडात २०२४मध्ये हक्काच्या बाजूचे लोक ५७ टक्के मतं मिळूनही हरले, कारण तिथे साठ टक्के लागतात. टेक्ससमध्ये तर लोकांना असा प्रश्न स्वतःहून मतदानाला आणायची सोयच नाही. तिथे बराच काळ जाईल.

म्हणून मंडळापासूनच सुरू कर. स्टेजवर जाऊन भाषण कर असं नाही म्हणत. कळलेल्या दर शंभर गर्भारपणांत दहा ते वीस पडतात. त्या हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये वाण घेऊन हसत बसलेल्या कितीजणी तुझ्याच वाटेवरून गेल्या असतील, सांग. एकीला घरी बोलाव. चहा टाक आणि थर्मामीटरचं सांग, जसं मला सांगितलंस तसंच. ती दुसरीला घेऊन येईल. अशा चार-पाचजणी जमल्या की कामाचं बोला: रात्री-बेरात्री मुलगी कुणाकडे ठेवायची, हॉस्पिटलात बरोबर कोण येणार, ठाम बोलणारी कोण. चौघींत एखादी तरी नागरिक असेलच. ती मत देईल, आमदाराच्या ऑफिसात फोन करील. तूही तिथे जाऊन आपली हकिकत सांगू शकतेस, त्याला नागरिकत्व लागत नाही. फक्त निवडणूक प्रचाराला पैसे देऊ नकोस. ग्रीन कार्ड नसलेल्यांना त्याची मनाई आहे.

नवऱ्यावर चिडू नकोस. त्या रात्री आयसीयूच्या बाहेर तोही बसला होता आणि त्याला कुणी ‘कसा आहेस’ विचारलेलं नाही, अशी माझी पैज. डॉक्टरकडे जाताना त्याला बरोबर ने, तो वरचा प्रश्न त्यालाच विचारू दे. आणि सासूबाईंना कधी, किती, कसं सांगायचं हेही त्याच्याकडेच सोपव. आई त्याची आहे.

– तुझी ताई