प्रथिनांच्या पातळ थरांचा अभ्यास सुरू करताना
घन पृष्ठभागावरील प्रथिनांचा थर मोजण्यापूर्वी पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर द्याल तितका वेळ थोडाच आहे, कारण उघड्यावर ठेवलेल्या चकतीच्या सोन्याच्या मुलाम्यावर हवेतील सेंद्रिय अशुद्धी लवकर साचते आणि मग प्रथिन सोन्यावर नव्हे, त्या मळावर चिकटते. पाण्याचा थेंब पसरण्याऐवजी उभा राहिला, तर चकती पुन्हा साफ करावी.

क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्सच्या (कंप पावणाऱ्या स्फटिकाच्या वारंवारतेतील बदलावरून वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यांबाबत विशेष सावध राहावे. ५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारता १ हर्ट्झने घटली म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १७.७ नॅनोग्रॅम वस्तुमान वाढले, हा १९५९ च्या साउअरब्रे समीकरणाचा हिशेब पातळ, ताठ थरापुरताच खरा आहे. पाणी धरून फुगलेल्या, लिबलिबीत जैवबहुलकाला (प्रथिनासारख्या, सजीवांतील लांब साखळीच्या रेणूंच्या थराला) तो लागू पडत नाही. शिवाय हे उपकरण थरातले पाणीही मोजते, तर एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणातील बदलावरून थर मोजण्याची पद्धत) जवळपास कोरडे वस्तुमान सांगते. त्यामुळे दोन्ही आकडे जुळले नाहीत तर घाबरू नये, त्या फरकातूनच थरातील पाण्याचा अंदाज येतो.

प्रथिन सोडण्याआधी नुसत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आधाररेषा, म्हणजे प्रथिनाशिवायची वारंवारता, स्थिर होऊ द्यावी आणि शेवटी त्याच बफरने धुवावे. बफर बदलला की द्रवाची घनता व श्यानता बदलून वारंवारता सरकते. माझा पहिला महिना मिठाच्या अशा फरकालाच प्रथिनाचा थर समजण्यात गेला.