लेगोच्या तयार घरावर दुसरा मजला कसा चढवायचा?

आधी छत अख्खं उचलता येईल असं करून घ्या. भिंतींच्या वरच्या थरावर गुळगुळीत टाइल्स लावा, फक्त कोपऱ्यांत दोन-चार गोल उंचवटे उघडे ठेवा. छत जागेवर बसतं आणि हलक्या हाताने निघतं. लेगोच्या मॉड्युलर इमारतींचे मजले असेच सुटे होतात. मग मधे नवा मजला सरकवायचा, छत पुन्हा वर. उंची जुळवताना वीट ९.६ मिमी, प्लेट (पातळ चपटा तुकडा) ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटा बरोबर एक वीट.

सुटे तुकडे ब्रिकलिंक या लेगो-तुकड्यांच्या ऑनलाइन बाजारात मिळतात, पण आधी त्यांच्याच मोफत ‘स्टुडिओ’ सॉफ्टवेअरमध्ये मजला बांधून बघा, तुकड्यांची यादी आयती हातात येते. घरात जुना डबा असेल तर तोच आधी उपसा. १९५८ ची वीटसुद्धा आजच्या विटेवर बसते. रंग मात्र दिवसाउजेडी जुळवा, जुना पांढरा पिवळट पडलेला असतो.