ऑनलाइन कॉलेज कोर्समधून वेब डेव्हलपमेंट खरंच शिकता येतं का, की क्लास लावावा?

येतं की, क्लासची गरज नाही, पण नुसते व्हिडिओ बघून होत नाही, पेज स्वतः बनवावं लागतं. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस डेटा सायन्समध्ये मॉडर्न अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट १ आणि २ असे विषय आहेत, पहिल्यात एचटीएमएल (पेजचा सांगाडा), सीएसएस (पेजचं दिसणं) आणि पायथनचं फ्लास्क (सर्व्हरवर चालणारा भाग बनवायला), दुसऱ्यात जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) आणि तिचं व्ह्यू हे फ्रेमवर्क, आणि दोन्हीला प्रोजेक्ट असतो ज्याची व्हायवा पण होते, म्हणजे कोड कुठून उचलून दिला तर तिथे बोलती बंद. मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

माझं ऐकाल तर सुरुवातीला बूटस्ट्रॅपला, म्हणजे तयार सीएसएसला, हात लावू नका, साध्या सीएसएसमध्ये फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीच्या सोयी वापरून लेआउट जमवा, ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून दुसऱ्यांची पेजेस कशी बनलीत ते बघा, आणि प्रत्येक वेळी फोनवर चेक करा. अडलं तर एमडीएन ही वेबची माहिती देणारी साइट बघा, फुकट आहे. मराठी पेज असेल तर मेटा चारसेट यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट दिसण्यासाठीची ओळ) टाकाच आणि लाइन हाइट, म्हणजे ओळींची उंची, जरा जास्त ठेवा, नाहीतर उकार आणि मात्रा एकमेकांना चिकटतात. झालं की गिटहब पेजेस या होस्टिंगवर टाका, म्हणजे पेज इंटरनेटवर दिसेल, पैसे लागत नाहीत, फक्त फ्लास्कचं अ‍ॅप तिथे चालत नाही, साधी पेजेसच चालतात.