‘मागील वर्षापासून’ या दोन शब्दांचा हिशोब

प्रश्न : सावंतवाडी तालुक्यात आमची सव्वा एकर माड-पोफळीची बाग आहे. शेजारच्या लोहखनिजाच्या खाणीत खड्डा खोल गेला, पंपाने पाणी उपसू लागले आणि आमची विहीर एप्रिलमध्येच तळ दाखवू लागली. एप्रिल 2022 मध्ये कंपनीने टँकर सुरू केला, तेव्हा एका कागदावर माझी सही घेतली. त्यात ‘मागील वर्षापासून विहिरीचे पाणी कमी झाल्याने’ असं लिहिलं आहे. आता टँकर बंद केलाय. कंपनी म्हणते, आम्ही जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसे भरतो, तिकडे मागा. खर्च नक्की कोणी द्यायचा? भरपाई मागायला एप्रिल 2027 पर्यंत मुदत आहे, असं समजतो.

उत्तर : मुदत एप्रिल 2027 पर्यंत नाही. न वाचता केलेल्या सहीने ती वर्षभर आधी आणून ठेवली आहे.

अशी भरपाई राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे मागायची. राष्ट्रीय हरित लवाद कायदा 2010, कलम 15 : भरपाईचा अर्ज कारण ‘पहिल्यांदा’ घडल्यापासून पाच वर्षांच्या आत. सबळ कारण दाखवलंत तर वर साठ दिवस, त्यापुढे लवादालाही सूट देता येत नाही. पहिल्यांदा म्हणजे टँकर आला तेव्हा नव्हे, पाणी आटलं तेव्हा. आणि ते 2021 सालीच आटलं, हे तुम्हीच सहीनिशी लिहून दिलंय. दर उन्हाळ्यात नुकसान नव्याने होतं, असा युक्तिवाद करता येतो. पण त्याच्या भरवशावर मी एक दिवसही थांबणार नाही. कंपनीला पाठवलेली पत्रं, ग्रामसभेचे ठराव, तहसीलदारांकडची निवेदनं, यांनी घड्याळ थांबत नाही. 2021 च्या फेब्रुवारीत पाणी कमी झालं की मेमध्ये, हे आठवत नसेल तर सर्वांत आधीचा महिना धरा.

तोच कागद तुमच्या बाजूनेही बोलतो. पाणी कमी झालं म्हणून कंपनीने टँकर दिला, हे त्यात आलंच. जबाबदारी कबूल केली असं सरळ म्हणता येणार नाही, पण लवाद त्याकडे दुर्लक्षही करणार नाही.

आता खर्चाचं. माझ्या मते तो कंपनीचाच. प्रतिष्ठानला भरलेली रक्कम स्वामित्वधनासोबत (रॉयल्टीसोबत) कायद्याने द्यावीच लागते आणि ती बाधित भागासाठी असते. तुमच्या विहिरीचं देणं तिने फिटत नाही. कंपनीचे वकील 1882 च्या इझमेंट अ‍ॅक्टचं (सुविधाधिकार कायद्याचं) कलम 7 काढतील : आपल्या जमिनीखाली झिरपणारं पाणी उपसण्याचा मालकाला हक्क आहे. हे कलम जुनं असलं तरी अजून जिवंत आहे. म्हणून वाद मालकी हक्काचा करू नका, खाणीला घातलेल्या अटी मोडल्याचा करा.

इथेच बरेच अर्ज घसरतात. खनिज कायदा आणि महाराष्ट्राचा भूजल कायदा लवादाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे लवाद ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो त्यांच्या यादीत, नाहीत. पर्यावरण संरक्षण कायदा 1986 आहे. खाणीची पर्यावरण मंजुरी आणि केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र, दोन्ही त्याच कायद्याखालची. मंजुरीत बहुधा ही अट असते : पाण्याच्या पातळीखाली खोदायचं तर पूर्वपरवानगी, आसपासच्या विहिरींची पातळी ठरलेल्या ऋतूंत मोजायची, पातळी घसरली तर उपाय करायचा. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते, तेव्हा आधी तिथलं कपाट उघडायला लावा. अटी पाळल्याचे कंपनीचे सहामाही अनुपालन अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा. माहिती अधिकाराचं उत्तर यायला तीस दिवस लागतात. त्यासाठी अर्ज अडवू नका, कागद नंतर जोडता येतात.

‘कोकणातल्या विहिरी मेमध्ये आटतातच’ हा बचाव ठरलेला, आणि तो अगदी खोटाही नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणून खाणीआधीची आणि नंतरची पातळी शेजारी शेजारी ठेवावी लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आणि महसूल मंडळाचे पावसाचे आकडे घ्या. पाऊस तेवढाच आणि पाणी कमी, हे दिसलं की बचाव लंगडा पडतो. स्वतःच्या विहिरीची मोजणी दर पंधरवड्याला, सकाळी पंप लावण्याआधी, काठावरच्या एकाच खुणेपासून टेपने, दोन साक्षीदारांच्या सहीने करा. व्यास तीन मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे सुमारे सात हजार लिटर. मागणीचा हिशोब याच आकड्यावर उभा करा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का तेही बघा. आपल्याकडे आजोबांनी खोदलेली विहीर कागदावर नसते, आणि मग ती होती हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

मागणीत नुसता टँकर लिहू नका. नवा स्रोत किंवा विहीर खोल करण्याचा खर्च, त्याचं वीजबिल नि दुरुस्ती, उपसा चालू असेपर्यंत आणि पुढे पातळी सावरेपर्यंत; बागेचं वर्षवार नुकसान; निकाल लागेपर्यंत रोजचं पाणी अंतरिम आदेशाने. कंपनी खड्ड्यातलं पाणी देऊ करेल. तपासून घेतलेलं असेल तर बागेला चालेल, पिण्यासाठी नको.

शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान हजार रुपये. रक्कम उगीच फुगवू नका. दिवाणी दाव्याचा विचार असेल तर सोडा. लवादाच्या कक्षेतल्या भरपाईला कलम 29 ने ते दार बंद आहे. अर्ज पुण्याच्या पश्चिम खंडपीठाकडे. तो सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. तुम्ही मात्र निदान दोन उन्हाळ्यांची तयारी ठेवा.

एप्रिल 2022 च्या त्या कागदाची प्रत तुमच्याकडे आहे, की सही घेऊन कंपनीनेच नेला? वकिलाकडे जाताना पहिलं ते सांगा.