‘भाषेवरून मारलं’ असं लिहून द्यायचं का?

कर्नाटकातल्या खानापूरच्या (जि. बेळगाव) एका आईनं लिहिलंय: मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, पीएसआयची तयारी करतोय. बसस्टँडजवळ दुचाकी लावण्यावरून त्याच्या मित्राला दोघांनी मारलं. आता मित्रमंडळी म्हणतात, ‘मराठी बोललो म्हणून मारलं असं लिहू, केस पक्की होते.’ तक्रारीवर यालाही सही मागतायत. केली तर पुढं नोकरीला अडचण येईल का?

ताई, येऊ शकते. भाषेचा विषयच निघाला नव्हता, असं मुलानंच तुम्हाला सांगितलंय. मग ही सही म्हणजे माहीत असून खोटं लिहून देणं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भाषा, धर्म, जात यांवरून गटांत वैर पेटवण्याला कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मित्रमंडळींना मारणाऱ्यांवर तेच कलम लावून हवंय. पण दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली, तर कलम २१७: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाणूनबुजून गुन्ह्याचा खोटा आरोप केला, तर कलम २४८: पाच वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (जुन्या दंड संहितेच्या, म्हणजे आयपीसीच्या, पुस्तकांत हीच कलमं १८२ आणि २११.)

एक मात्र नीट समजून घ्या. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. ऐकण्यात, ओळखण्यात चूक झाली तर हा गुन्हा नव्हे. आपल्या भागात भाषेवरून खरोखर शिवी खाल्लेल्यानं या कलमांना भिऊन गप्प बसू नये.

नोकरीचं म्हणाल, तर निवड झाल्यावरच्या पडताळणी फॉर्मात ‘तुमच्यावर कधी खटला झाला का’ हे विचारतात. लपवलं तर नेमणूक जाऊ शकते. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या अवतार सिंग निकालात यावर सविस्तर लिहिलंय. आणि हा तर पोलिसातच जाणार!

मारहाण खरी आहे, तेवढीच लिहा: कुठं, किती वाजता, कुणी, कशानं. मित्राच्या जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या; केस त्यानं पक्की होते. तक्रार स्टेशनात कन्नडमध्ये उतरवली जाईल. सहीआधी ती वाचून दाखवायला सांगा, एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते तीही घ्या. वाचायला तुमच्या मुलालाच बसवा. पीएसआय व्हायचं तर कन्नड कागद त्याला रोजच वाचावे लागणार आहेत.