चौथं बोट आत वळतंय आणि तू बाबांचं विचारतेस?

"ताई, मी २७ वर्षांची, डोंबिवलीची. जर्मनीत कोलोनला पियानोत मास्टर्स करतेय. बाबांनी गावची जमीन विकून मला पाठवलं आणि आता तेच म्हणतात, स्टेजवरचा पियानो हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, परत ये, शाळेत शिकव. रोज फोनवर भांडण. मे महिन्यात मोठी स्पर्धा आहे. पहिल्याच फेरीत शोपँचे एट्यूड, म्हणजे तंत्राचा कस बघणाऱ्या छोट्या रचना आहेत. हल्ली उजव्या हाताचं चौथं बोट मध्येच आत वळतं, पण दुखत वगैरे नाही. फिंगरिंग बदलून, म्हणजे ते स्वर दुसऱ्या बोटांनी वाजवून भागवतेय आणि प्रॅक्टिस चारवरून सात तासांवर नेलीय. बाबांना कसं पटवू?"

बाबांचं नंतर बघू. पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ तू "दुखत वगैरे नाही" म्हणून उडवून लावलीस.

अगं, दुखत असतं तर मला एवढी काळजी वाटली नसती. स्नायूबंध सुजले तर दुखतं, हाताला आराम दिला की बहुतेकदा उतरतं. कोपराशी नस दबली तर करंगळी आणि तिच्या बाजूचं अर्धं चौथं बोट बधिर होतं, हात दुमडून झोपलं की मुंग्या येतात. तू यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. भाजी चिरताना, मोबाइलवर टाइप करताना बोट सरळ राहतं आणि फक्त पियानोवर, ठरावीक जागी आत ओढलं जातं, असं असेल तर फोकल डिस्टोनियाची शंका घ्यायलाच हवी. यात मूळ बिघाड बोटात नसतो. तीच बारीक हालचाल वर्षानुवर्षं केल्यावर काहीजणांच्या मेंदूत शेजारच्या बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळायला लागतात. पाचवं उचलायला जावं तर चौथं वळतं. अशा हाताला रोज सात तास बसवणं म्हणजे चुकीची हालचाल घोटून घोटून पक्की करणं. आणि हे बाबा करत नाहीयेत, तू करतेयस.

एट्यूडमध्ये शोपँच्या ओपस १० या संचातला दुसरा असला तर बघायलाच नको. तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या बोटांवर अखंड क्रोमॅटिक धाव, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने, आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर १९५२ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकलेले. १९६४ मध्ये, छत्तिशीत, त्यांच्या उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं तळहातात वळू लागली. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांच्या मदतीने पुन्हा दोन्ही हातांनी वाजवेपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. मधली तीसेक वर्षं डाव्या हाताच्या रचना, ऑर्केस्ट्रा चालवणं आणि शिकवणं यात गेली. दुसरे अमेरिकन पियानोवादक गॅरी ग्राफमन यांनी तर तुझ्यासारखंच केलं. चौथं बोट दुखावलं म्हणून त्याला वगळणारं फिंगरिंग घेतलं, त्रास वाढत गेला आणि १९७९ च्या सुमारास उजवा हात मैफलीतून बाद झाला. तेव्हा या दुखण्याचं नाव सांगू शकणारे डॉक्टर मिळणंच कठीण होतं. तुला ते तीन तासांच्या अंतरावर आहेत. हानोफरच्या (हॅनोव्हर) संगीत विद्यापीठात खास वादकांच्या दुखण्यांसाठी संस्था आहे आणि कोलोनहून तिथे थेट गाडी जाते.

उद्या सकाळी शेवटचं वाज, तेही दहा मिनिटं. मोबाइल पट्ट्यांच्या उंचीवर, उजव्या बाजूला ठेव, स्लो मोशन चालू कर. सी मेजर स्केल, दोन सप्तकं, मेट्रोनोम मिनिटाला ८० ठोक्यांवर, एका ठोक्याला चार स्वर, दहा वेळा वर-खाली. मग जिथे बोट वळतं तेवढेच चार बार, तुझ्या मूळ फिंगरिंगने. तेच चार बार पातळ लॅटेक्सचा हातमोजा घालून. स्पर्श बदलला की काहींचं बोट तात्पुरतं सुधारतं, आणि डॉक्टरला ती खूण कामाची असते. हे व्हिडिओ जपून ठेव. डिस्टोनियात एमआरआय आणि नसांची तपासणी बहुधा नॉर्मल येते, ती इतर आजार वगळण्यासाठी असते. निदान होतं ते वाजवणारा हात बघून. नुसते रिपोर्ट घेऊन गेलीस तर "काही नाही, ताण आहे" ऐकून परत येशील.

मग झाकण बंद. फॅमिली डॉक्टरकडून न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी घे, हानोफरला मेल टाक, तारीख मिळेपर्यंत उजव्या हाताने एकही स्वर नको. मालिशवाला नको, बोटांची ताकद वाढवायच्या स्प्रिंगा तर मुळीच नकोत. निदान तेच निघालं तर इंजेक्शनं असतात, गोळ्या असतात, अगदी संथ लयीत हात नव्याने शिकवणं असतं. त्याला महिने लागतात, कधी वर्षं, आणि सगळ्यांचा हात पूर्ववत होत नाही. म्हणूनच घाई कर. दुसरंच काही निघालं तर फार उत्तम, पेढे मला पाठव.

स्पर्धेतून नाव काढ. पैसे बुडाले तर बुडू देत.

आणि बाबा? आज रात्री फोन कर, नोकरी-करिअर एक अक्षर काढू नकोस. बोटाचं सांग. ज्यांनी जमीन विकली त्यांना हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. तू ते लपवून भांडत बसलीस, ते मला अजिबात आवडलेलं नाही.