गिटारच्या ब्रिजची झिजलेली छिद्रे

प्रश्न : वडिलांची क्लासिकल गिटार सुमारे 20 वर्षांची आहे. ब्रिजमधील (तारा बांधण्याच्या लाकडी भागातील) जाड तारांची छिद्रे वरच्या बाजूला लांबट झाली असून सहावी तार झणझणते आणि तिचा आवाजही बसला आहे. ओळखीचे सुतार जुना ब्रिज उचकटून नवा पांढऱ्या गोंदाने चिकटवून देतो म्हणतात. तसे करावे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : सुतारांना तूर्त थांबवावे. आपल्या वर्णनावरून झीज तारा बांधण्याच्या ठोकळ्यातील छिद्रांपुरतीच दिसते. खालच्या स्वरांच्या तीन जाड तारा नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून केलेल्या असतात आणि ते वेटोळे लाकडावर कानशीसारखे काम करते. छिद्रातून निघालेली तार सॅडलकडे, म्हणजे ब्रिजवरच्या ज्या उभ्या पट्टीवर ती टेकते तिच्याकडे, वर चढत असल्याने छिद्राचा वरचा ओठ कापला जातो, तार जितकी वर सरकते तितका सॅडलवरचा तिचा कोन उथळ होतो आणि दाब कमी पडल्यामुळे ती झणझणू लागते.

तरीही आधी एक तपासणी करावी. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे, आणि मग मात्र तो काढून पुन्हा बसवण्यावाचून इलाज नाही. त्या वेळीही पांढरा गोंद नकोच, कारण सहा नायलॉन तारांची मिळून सुमारे 40 किलोंची ओढ रात्रंदिवस चालू असते आणि अशा ओढीखाली, विशेषतः आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, तो गोंद हळूहळू सरकतो.

कागद शिरला नाही, तर ब्रिज जागच्या जागी ठेवूनच दुरुस्ती होते. सर्व तारा थोड्या थोड्या सैल करून काढाव्यात, झिजलेले छिद्र ड्रिलने गोल आणि स्वच्छ करून घ्यावे, त्यात शिसवीची घट्ट बसणारी काडी सरसाने किंवा चांगल्या पिवळ्या गोंदाने बसवावी आणि दुसऱ्या दिवशी सुमारे 1.5 मिमीचे नवे छिद्र मूळच्या खालच्या पातळीवर पाडावे. सहावी तार साधारण 1.1 मिमी जाडीची असते, म्हणून 1.5 मिमीहून मोठे छिद्र नको. शिसवीत नैसर्गिक तेल असते. चिकटवण्यापूर्वी ती जागा अ‍ॅसिटोनने पुसली नाही तर गोंद धरत नाही. मात्र अ‍ॅसिटोनचा एक थेंबही पॉलिशवर पडू देऊ नये. ड्रिल मागून चालवताना वरची फळी आड येते, तेव्हा तिच्यावर जाड पुठ्ठा ठेवावा. इथेच हौशी हात चुकतात. बारीक खाच असल्यास शिसवीचा भुसा आणि झटपट गोंद यांनी भागते, पण ते काम टिकाऊ म्हणता येणार नाही.

ठोकळ्याच्या वरच्या कडांनाही तारेच्या वेढ्यांनी खाचा पडल्या असतील, तर तेथे हाडाच्या पट्ट्या बसवून घ्याव्यात. सतार-तंबोऱ्याच्या घोड्या करणारा कारागीर हे काम फर्निचरच्या सुतारापेक्षा सफाईने करील. तोवर वाजवायचे असेल, तर तारा थेट ठोकळ्याला न बांधता त्यासाठी मिळणाऱ्या मण्यांतून ओवून अडकवाव्यात.

एक चौकशी मात्र वडिलांकडे जरूर करावी : या गिटारवर कधी स्टीलच्या तारा चढवल्या होत्या काय? त्यांची ओढ 70 किलोंच्या घरात जाते. उत्तर होकारार्थी असेल, तर छिद्रांना हात लावण्याआधी वरच्या फळीच्या आतील आधाराच्या पट्ट्या आरसा आणि छोट्या दिव्याने तपासून घ्याव्यात.